शुक्रवारचा रिकामा डबा

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. मित्रांनो, डेन्मार्कमधील एका छोट्या बेटावर, शाळेमागच्या भंगाराच्या पिंजऱ्यात मी पडलो आहे. सोमवारी गाडी येईल. त्याआधी मला एवढे सांगू द्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे निळे झाकण लखलखत असे. नाताळची बिस्किटे संपल्यावर थोरा या शिक्षिकेने मला सातवीच्या वर्गाला दिले. तिथे मुले शिक्षकांना नावानेच हाक मारतात. शुक्रवारचा शेवटचा तास गप्पांचा. ज्याची पाळी असेल त्याने मला घरी न्यायचे आणि काहीतरी भाजून, भरून आणायचे. तासाआधी झाकण उघडायचे नाही, हा वर्गाचा नियम. किती हातांनी मला मिरवत आणले!

मग मारेनची पाळी आली. तिची आई कित्येक आठवडे समुद्रापलीकडच्या दवाखान्यात होती. "आई गुरुवारी येतेय. दालचिनीचे बन करणार आहे," असे तिने सगळ्यांना सांगून ठेवले होते. गुरुवारची शेवटची बोट आली. आई आली नाही. सकाळी मारेनने मला तसेच उचलले आणि झाकण दाबून लावले. रिकाम्या पोटाने मी शाळेत गेलो. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

त्या दिवशी गणितात बैजिक राशी सुरू होणार होत्या. थोराने मारेनच्या बाकावर ठेवलेल्या नेमके माझ्याकडेच बोट दाखवले.

"यात किती बन आहेत?"

"बारा!" मागून कुणीतरी ओरडले.

"मारेनने वाटेत खाल्ले असतील, म्हणजे नऊ," शेजारचा आस्गेर म्हणाला. वर्ग हसला.

"म्हणजे माहीत नाही. मग त्या संख्येला क्ष म्हणू." थोराने फळ्यावर सारखेच भरलेले तीन डबे काढले आणि बाजूला दोन सुटे बन. "एकूण किती?"

"पाच क्ष," आस्गेर म्हणाला.

"सुटा बन म्हणजे अख्खा डबा का रे?"

"नाही. बरं, तीन क्ष अधिक दोन. पण थोरा, एवढी भानगड कशाला? उघडून मोजू की."

त्याने हात पुढे केला. मारेनने मला छातीशी आवळले. झाकणा, सुटू नकोस, असे मी मनात विनवत राहिलो.

"थोरा," ती हळूच म्हणाली, "क्ष शून्य असला तर चालतं?"

थोराने खडू खाली ठेवला. "चालतं. मग डब्यांचं काही नाही, सुटे दोन उरतात. पण राशी तीच राहते. ती मोडत नाही."

मारेनने स्वतःच झाकण काढले. "आई आली नाही," ती म्हणाली.

कुणी हसले नाही. आस्गेरने आपल्या जेवणातला राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा माझ्यात ठेवला. "घे. आता क्ष बरोबर एक."

पुढे थोरा निवृत्त झाली. खाऱ्या वाऱ्याने मला गंज चढला. आता मुले संगणकाच्या पडद्यावरचे डबे मोजतात. ते बोट लावताच उघडतात.

मित्रांनो, मला वाचवता आले तर वाचवा. नाहीच जमले, तर एवढे करा. कुणी बंद डबा छातीशी धरून बसले असेल, तर झाकणाला हात घालू नका. आत किती आहे हे ठाऊक नसले, तरी क्षसारखे त्याला आपल्यात धरता येते.