माझ्यातला इंदूबाईंचा आवाज

मित्रांनो, मी मोनालीचा पहिला अल्बम आहे. माझे नाव 'धोटा', म्हणजे मागावर आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. आता मी जुना झालो आहे आणि मला फारसे कोणी ऐकत नाही.

मोनाली धंतोलीतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसे. उरलेल्या वेळात ती गाणी लिही, स्वतःच चाली लावी आणि स्वतःच गाई. माझी सगळी गाणी सारखी उतरली नाहीत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. एक उगाच लांबले आहे, एकात गिटारची तार उतरलेली आहे, आणि प्रेमावरची गाणी घाईत लिहिल्याचे कळते.

शेवटचे गाणे मात्र माझा प्राण होते. ते कामठीला, मोनालीच्या आत्या इंदूबाई यांच्या यंत्रमागापाशी मोबाईलवर मुद्रित झाले. 'जा रे धोट्या, ये रे धोट्या, सूत माझं तोडू नको' ही ओळ इंदूबाई कापड विणताना गुणगुणत. मोनालीने त्यावर गाणे रचले आणि आत्यालाही सोबत गायला लावले. विजेचा दाब उतरला, की माग मंदावे आणि इंदूबाईंचा सूरही आपसूक संथ होई. दाब वाढला, की दोघे पुन्हा वेग घेत. आयुष्यभराची सवय होती ती. माझे नावही त्याच ओळीतून आले.

कोणीतरी माझ्याविषयी लिहिले, 'अल्बम उंचसखल आहे, पण शेवटचे गाणे विसरता येत नाही.' मोनालीने वाक्याचा पहिला भाग तेवढा मनाला लावून घेतला. ती ध्वनिमुद्रण करणाऱ्या अंकितकडे गेली.

अंकित म्हणाला, "लय हलते याची. आत्याबाई मशीनच्या तालावर गाऊन राहिल्या, अन् मशीन वीज मंडळाच्या."

"मंग?"

"मशीन काढू, आत्याबाई काढू. मधात बासरी टाकतो."

मोनाली म्हणाली, "कर."

अंकितने मूळ मुद्रणावरच हात चालवला. प्रत ठेवली नाही. इंटरनेटवरचे जुने गाणे काढून त्याच नावाने नवे चढवले गेले. मला कोणी विचारले नाही. इंदूबाईंनाही नाही.

पुढच्या रविवारी मोनाली कामठीला गेली, तेव्हा अंगणात सतरंजी अंथरलेली होती. भाची येणार म्हणून इंदूबाईंनी मागावरच्या बायकांना गाणे ऐकायला बोलावले होते. आधी सगळ्यांना चहा झाला. मोनालीनेही घेतला. शेजारच्या भावनाने स्पीकरवर माझे शेवटचे गाणे लावले आणि मी वाजू लागलो.

भावनाने विचारले, "तू कधी येशीन वं इंदूबाई?"

"थांब नं. येऊनच राहिली मी."

बासरी आली आणि गेली. मोनालीचा स्वच्छ आवाज शेवटपर्यंत गेला. गाणे संपले.

"बासरी चांगली वाजवतं वं तू," भावना म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

मोनाली सतरंजीकडे पाहत होती. "आत्या, सांगणारच होती मी."

इंदूबाई कप गोळा करीत म्हणाल्या, "इचारलं असतं त मीच म्हटलं असतं, काढून टाक. पण गाण्यातून काढलं, अन् इथं बसून माह्या हातचा चहा पेली. हे नाही समजलं मले."

मी तेव्हा स्पीकरमध्येच होतो. शेवटचे संपताच माझे पहिले गाणे आपोआप सुरू झाले. तेच, गिटारची तार उतरलेले. ते कोणीही बंद केले नाही.

काही महिन्यांनी मोनाली पुन्हा मोबाईल घेऊन मागापाशी उभी राहिली. इंदूबाईंनी तिला हाकलले नाही. बसायला स्टूल दिले, माग सुरू केला आणि कापड विणत राहिल्या. त्या गायल्या नाहीत. मोनालीने आग्रह केला नाही. मागाचा जो आवाज मिळाला, तोच तिने बासरीच्या जागी घातला.

मित्रांनो, कोणाचा आवाज घेतलात तर तो सांभाळा. सांभाळता येत नसेल, तर निदान त्या माणसासमोर बसून तसे सांगा. आणि कधी मला ऐकलेत, तर शेवटपर्यंत ऐका. शेवटच्या गाण्याच्या मध्यावर विजेचा दाब उतरतो, माग मंदावतो, आणि इंदूबाई जिथे गात असत, तिथे फक्त धोटा जातो आणि येतो.