तानुबाईची बांधाबांध

"नारळ? अगं बया, कोकणात नारळ घिऊन चाललीस?" नाथाजी तात्या एवढे हसले, की त्यांना ठसकाच लागला.

तानुबाईने गोणीतला नारळ काही काढला नाही. "समिंदराची वटी भरायची हाय मला, तात्या. तितला नारळ त्याचाच. त्याचंच त्याला कसं द्यायाचं? आपल्या घरचं नगं व्हय?"

तात्यांनी तरुणपणी घाटाखाली गाड्या हाकून मीठ आणले होते. मेढ्याजवळच्या त्या वाडीत समुद्र पाहिलेला माणूस म्हणजे ते एक, आणि दुसरा तानुबाईचा नवरा आकाराम. पण आकाराम लढाईवरून परतला तो छाती पोखरून, आणि समुद्राविषयी त्याने कधी तोंड उघडले नव्हते. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा मिळाली तर माणूस कदाचित उभा राहील. त्यातले 'कदाचित' तानुबाईने ऐकूनच घेतले नाही. पलटणीतल्या साहेबांनी गुहागरचा आपला रिकामा बंगला देऊ केला, आणि बाईच्या अंगात वारंच शिरलं.

"जुंधळ्याचं पीठ ने, तितं नुसता भात," तात्या सांगत होते. "गूळ बरणीत भर, न्हाईतर पाणी सुटतं. काडेपेटी डब्यात. चामड्याच्या पायताणाला बुरशी येती. आन भरतीच्या टायमाला वाळूत बसू नगा."

बाजेवरचा आकाराम सगळं ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दशम्या फडक्यात बांधल्या. मग त्याचे कपडे घोंगड्यात गुंडाळले, वळकटीवर गुडघा रोवला आणि सुतळी करकचून ओढली.

"तानू, असं आवळू नगंस," आकाराम म्हणाला.

"का वं?"

"माझ्या पलटणीतल्या केरबाला असंच बांधलं हुतं. बोटीवर." धाप लागली म्हणून तो थांबला. "तापानं गेला गडी. कांबळ्यात गुंडाळला, पायाला लोखंड बांधलं, आन दिला पाण्यात सोडून. ना लाकूड, ना राख. त्याची म्हातारी मला इचारती, माझं लेकरू कुटं ठिवलंस रं? काय सांगू तिला?" त्याने वळकटीवरची नजर काढली. "मी तितं गेलो, तर मला माघारी कोन आननार?"

"आवं, काय अभद्र बोलताय! बरं व्हायाला चाललोय आपुन."

"व्हय. तू म्हणतीस तर चल."

भिंतीला धरून तो उठला आणि पलटणीतला कोट चढवू लागला. गुंडी काजात जाता जाईना. तो भांडला असता, तर तानुबाईही भांडली असती. पण हा बाप्या पलटणीत हुकूम पाळावा तसा तिचा शब्द पाळत होता, आणि ते तिला बघवेना.

गाडीवान सिद्धू दारात आला. "वैनी, सामान टाकू का?"

"नगं टाकूस!" ती केवढ्यांदा तरी ओरडली आणि वळकटीवर बसून रडली. डॉक्टरांचा, साहेबांचा, त्या मेल्या समुद्राचा, सगळ्यांचा राग आला तिला. स्वतःचा तर जास्तच.

आकाराम तिच्याजवळ येऊन टेकला. फडक्याकडे बघत म्हणाला, "आन दशम्या?"

प्रवासाला बांधलेली शिदोरी त्यांच्याकडे घरात सोडत नाहीत. शीव गाठावी लागते. तानुबाईने डोळे पुसले. "सिद्धू, शिवंवरच्या आमच्या रानात न्हेतूस का आमाला?"

रानात जांभळीखाली तिने फडके सोडले. आकारामने अर्धी दशमी खाल्ली, चवीने खाल्ली. सिद्धू बैलांना पाणी दाखवायला ओढ्याकडे गेला, तेव्हा आकारामने बांधाजवळची मोकळी जागा बोटाने दाखवली.

"मला हितं," तो म्हणाला.

तानुबाईला कळले. तिने त्या जागेकडे नीट पाहिले.

"दगडं हायती तितं," ती म्हणाली. "येचून ठिवते मी."

आणि पदर खोचून ती उठली.