भेगेवरच्या काचा

टाकीच्या भिंतीतली भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची. भेग हलली की काच तडकते, नाही हलली तर टिकते. मी तीन पट्ट्या लावल्या, प्रत्येकीवर तारीख घालून सही केली आणि तीन आठवडे वाट पाहिली. तिन्ही शाबूत. साधा ओरखडाही नाही.

पाण्याची ही टाकी अडतीस वर्षांची, आणि ती बांधली माझ्या सासऱ्यांनी. सगळं गाव त्यांना टाकीवाले म्हणूनच ओळखतं. आमच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या साहेबांनी मात्र जाहीर करून टाकलं होतं, "भेग जिवंत निघाली तर टाकी पाडायची." साहेबांना पाडापाडीची भारी हौस. दुरुस्तीचं उद्घाटन करता येत नाही ना! ते ऐकल्यापासून सासऱ्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. म्हणून पट्ट्या टिकल्याचा मलाच जास्त आनंद. सोमवारी अहवाल द्यायचा होता: भेग मेलेली आहे, सिमेंटचा कडक मसाला भरून बुजवा.

रविवारी सकाळी सासूबाई भिंतीवरचे फोटो ओल्या फडक्याने पुसायला लागल्या आणि किंचाळल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाक फडक्यावर उतरलं होतं.

"अगं, या फोटोची काच कुठे गेली?"

काच एकट्या मावशींची गेली नव्हती. माझ्या नवऱ्याचा शाळेतला फोटो, सासऱ्यांचा निवृत्तीचा सत्कार, सगळे उघडे पडले होते. शाबूत होता फक्त सासू-सासऱ्यांचा लग्नाचा फोटो. सासरे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते.

"बाबा, टाकीवरच्या पट्ट्या..."

"पहाटे फिरायला जातो तेव्हा बदलायचो," ते वर्तमानपत्राआडून म्हणाले. "वॉचमन मला अजून साहेबच म्हणतो. दुकानात काच जाड मिळते गं. फोटोची अगदी तुझ्या पट्टीइतकी पातळ."

"आणि माझी सही?"

"मीच करायचो. तुझं अक्षर जरा सुधारायला हवं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या खोट्या सह्यांच्या भरवशावर मी खरी सही ठोकणार होते! हलत्या भेगेत कडक मसाला टिकतोय कसला? सहा महिन्यांत पुन्हा फाटला असता, आणि साहेबांनी आधी टाकी पाडली असती, मग मला.

"किती फुटल्या?" मी ओरडलेच.

बाबा मुकाट्याने आत गेले आणि एक वही घेऊन आले. हसावं की रडावं कळेना. या माणसाने लबाडीचीसुद्धा रीतसर नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, हवा, टाकीत पाणी किती, कुठली पट्टी फुटली. नोकरीभर त्यांचा एकच हेका: नोंद नाही ते काम नाही.

मी रागारागात पानं उलटली आणि हळूहळू खुर्चीत बसले. अकरा वेळा काच फुटली होती, आणि अकराही वेळा रात्री कडक गारठा होता. उबदार, ढगाळ दिवसांत टाकी काठोकाठ भरली तरी काचेला काही झालं नव्हतं.

"बाबा, ही भिंत पाण्याच्या भाराने फाटत नाहीये. थंडीत आखडते, उन्हात फुगते, एवढंच. भेग जिवंत आहे, पण टाकी धडधाकट आहे! खाच पाडून रबरासारखा मसाला भरला की झालं."

बाबांचा चेहरा उजळला.

"पण एवढ्या लांब भिंतीत हलायला मध्ये सांधा सोडतात. तुम्ही कसा नाही सोडला?"

चेहरा पडला. "नकाशात होता. आत्ता भेग आहे ना, नेमका तिथेच." सासूबाईंकडे न बघता ते पुढे म्हणाले, "त्या दिवशी भिंतीचं काँक्रीट चालू होतं आणि निरोप आला, हिला दवाखान्यात नेलंय. मिस्त्रीला म्हटलं, चालू ठेव, आणि धावत सुटलो. सांध्यात घालायची रबरी पट्टी कोपऱ्यातच पडून राहिली. परत गेलो तोवर भिंत ओतून झाली होती."

सासूबाईंचा हात थांबला. अडतीस वर्षं हे घर त्यांची एकच तक्रार ऐकत आलं आहे: मुलगा झाला त्या दिवशीसुद्धा हे टाकीचं काम उरकून आले, सिमेंटने भरलेल्या बुटांनिशी. मला ती लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी ऐकवली होती.

"काम टाकून आला होतात?"

"हो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सांधा राहिल्याचं कळलं असतं."

मी वही मिटली आणि म्हटलं, "बाबा, साहेबांना तुमची वही चालायची नाही. मी आठ दिवस मागून घेते. पुन्हा पट्ट्या लावू, सोबत रोजच्या गारठ्याची नोंद ठेवू आणि या वेळी फुटल्या तर फुटल्या म्हणू."

सासूबाईंनी लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला, पालथा घालून मागचे खिळे उचकटले आणि काच माझ्या हातात दिली.

"ही लाव," त्या म्हणाल्या. "फुटू दे."