तिसऱ्या रांगेतली सीट

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो, तीही विजेवर चालणाऱ्या सात जणांच्या गाडीतली सर्वांत मागची, तिसऱ्या रांगेतली. अम्मान शहरातल्या एका इमारतीच्या तळघरात आमची गाडी चार्ज होत उभी असते. माझ्या पुढच्या सीटांना स्वतःबद्दल सांगायला फार आवडते. मला मात्र तोंड वर करून बोलायची लाज वाटते. का, ते ऐका.

माझा जन्म दूर चीनमधल्या एका कारखान्यात झाला. पुढच्या सीटांना जाड स्पंज मिळाला, थंडीत ऊब देणाऱ्या तारा मिळाल्या, मागेपुढे सरकायला मोटर मिळाली. मला मिळाली ती उरलेली जागा. गाडीच्या पोटात बॅटरी पसरलेली असल्यामुळे तळ आधीच उंच, त्यात मागे छप्पर उतरते. मग मला अगदी तळाला टेकवून बसवले. त्यामुळे मोठे माणूस माझ्यावर बसले की त्याचे गुडघे थेट हनुवटीशी येतात. खिडकीही माझ्या वाट्याला तळहाताएवढी आली, आणि तीही उंचावर. पण माझ्यात एक गुण होता. बटण दाबले की मी घूं घूं करत आपोआप आडवी होते आणि पुन्हा उभी राहते. या एका गुणावर मी फार मिरवले.

जहाजाने अकाबा बंदरात उतरून मी अम्मानच्या एका दुकानात आले. तिथे एके दिवशी हिकमतचे कुटुंब गाडी बघायला आले. हिकमतचे औषधांचे दुकान आहे. स्वभावाने काटेकोर. एका चार्जमध्ये गाडी किती जाते, चढावर किती वीज खाते, समोरचा टचस्क्रीनचा पडदा किती मोठा, सगळे तो विचारत होता. अम्मानमध्ये प्रत्येक शेजारी, प्रत्येक न्हावी बॅटरीचा डॉक्टर असतो. त्या सगळ्यांचे सल्ले त्याच्या डोक्यात होते. बायको रुबा, मुलगी तालिन आणि धाकटा कैस काचेच्या छपराखाली बसून खूश होते. शेजारी एक लांब पांढरी गाडीही उभी होती. तिची तिसरी रांग खरोखरच बसण्यासारखी होती. पण ती महाग होती, आणि तळघराच्या वळणावर अडली असती. हिकमतचे मन दोन्हीकडे ओढत होते.

हिकमतची आई सोबत होती. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म हिकमत म्हणतात. ती म्हणाली, "मी मागे बसून बघते. मी बसले म्हणजे कोणीही बसेल."

"यम्मा, तुझी जागा पुढे. मागे कशाला जातेस?" हिकमत म्हणाला. तिकडे मूल आईला यम्मा म्हणते, आणि आईही लाडाने मुलाला यम्माच म्हणते.

"बघू दे रे, यम्मा. माझे गुडघे काही काचेचे नाहीत."

होते काचेचेच. ती माझ्यावर टेकली तेव्हा तिचा पाय थरथरला, ते मला कळले. विक्रेत्याने वेलदोड्याची कॉफी पुढे केली आणि अदबीने विचारले, "कशी वाटते, हाज्जा?" तिने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले. ही गाडी त्याच्या मनात भरली होती, हे तिला दिसत होते. शिवाय ज्याची कॉफी प्यायची त्याच्या मालाला नाव ठेवायचे, हे तिच्या घरात कोणी शिकवले नव्हते.

"छान आहे. ऐसपैस आहे. अल्ला तुमच्या धंद्यात बरकत देवो."

विक्रेत्याने दोन्ही हात पसरले. "हाज्जाच बसल्या, आता काय राहिलं?" हिकमतच्या कपाळावरची आठी गेली. ते खोटे आहे हे मला कळायला हवे होते. तेव्हा तर मला आनंदच झाला. आपल्याला कोणी ऐसपैस म्हटले म्हणून मी फुलून गेले होते, मित्रांनो.

मग गाडी घरी आली आणि सुरू झाले शुक्रवार. त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही डोंगरांकडे निघायचो, आणि रुबाचे वडील अबू इसाम आणि तिची आई सोबत असायचे. अबू इसाम गाडीशी आले की दाराशीच लढाई जुंपायची.

"उम्म हिकमत, तुम्ही पुढे बसा. तुम्ही वडीलधाऱ्या."

"वडीलधारी आहे म्हणूनच सांगतेय, ऐका. तुम्ही पाहुणे. शपथ घातलीय मी."

"मीही घातलीय."

"माझी आधी झाली. बसा गुपचूप."

तिच्या लेखी गाडी म्हणजे घरच, आणि घरात चांगली जागा पाहुण्याची, उरलेली यजमानाची. मधल्या रांगेत रुबा, तिची आई आणि लहानगा कैस बसायचे. तालिनसोबत उम्म हिकमत मागे यायची. हिकमत पहिल्यांदा कुरकुरला तेव्हा तिने त्याला उडवून लावले, "मला मागेच बरं वाटतं. दुकानात सांगितलं नव्हतं का?" त्याने ते खरे मानले. घरात सगळे म्हणू लागले की तेताला, म्हणजे आजीला, नातीजवळ मागेच आवडते. पाहुण्यांपुढे गाडीचे कौतुक व्हायचे, बटण दाबून मला निजवून दाखवायचे आणि मी दिमाखात निजायची.

अजलूनच्या डोंगरात उम्म हिकमतची ऑलिव्हची झाडे आहेत. तिच्या वडिलांनी लावलेली. तोडणी कोणत्या दिवशी सुरू करायची ते तीच ठरवते, आणि पहिली फांदी तीच झोडपते. त्या पहिल्या वर्षी आम्ही सगळे अजलूनला पोचलो. सगळे उतरले. ती उतरेना. गुडघे आखडून बसले होते. शेवटी मागचे झाकण उघडून दोघा गडीमाणसांनी तिला तेलाच्या डब्यासारखे उचलून बाहेर काढले. सगळी भावकी बघत होती. ती हसत म्हणाली, "पाय झोपला होता मेला." पण डोक्यावरची ओढणी सारखी करताना तिने कोणाकडेही पाहिले नाही. त्या दिवशी मला माझी पहिल्यांदा लाज वाटली.

मग शुक्रवारी तिचे डोके दुखू लागले. कधी शेजारीण आजारी असायची, कधी चुलीवर काहीतरी असायचे. आणि पुढची तोडणी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "यंदा तुम्हीच ठरवा दिवस. तुम्हीच जा." हिकमतला वाटले, आईचे वय झाले. मी काय सांगणार? सीटला बोलता येत नाही.

तोडणीच्या आधी झाडे बघायला एकदा सगळे निघाले. आई घरीच राहिली. रुबाची मावशी आली होती, गाडी भरली. आई नव्हती म्हणजे यजमान हिकमत. त्याने गाडी रुबाला चालवायला दिली, अबू इसामना शपथ घालून पुढे बसवले आणि स्वतः तालिनजवळ माझ्यावर येऊन बसला.

वाटेतले जरश गाव येईपर्यंत त्याने चार वेळा पाय बदलले. कपाळ छपराला लागत होते.

"बाबा, तेतासारखं तिरकं बसा," तालिन म्हणाली. "ती पाय माझ्या मांडीवर ठेवते. पण कोणाला सांगू नका हं, तिने नको म्हटलंय."

"नेहमी ठेवते?"

"चढ लागला की. मग दुखत नाही फार."

अजलूनला सगळे उतरले तरी तो आत बसून राहिला. रुबाने हाक मारली, "उतरताय ना?" तो म्हणाला, "थांब जरा." त्याचा हात माझ्या पातळ स्पंजावर होता. पापण्या भिजल्या होत्या. आम्ही दोघे एकाच लाजेत बसलो होतो, फक्त त्याला ते ठाऊक नव्हते.

तोडणीच्या दिवशी तो आईला हट्टाने खाली घेऊन आला. अबू इसाम नेहमीप्रमाणे पुढच्या दाराशी उभे होते. हिकमतचा चेहरा लाल झाला. पाहुण्याला असे बोलायचे म्हणजे तिकडे मेल्याहून मेल्यासारखे.

"अम्मो," तो सासऱ्यांना म्हणाला, "माफ करा. पुढे माझी आई बसेल."

"हिकमत," आई पुटपुटली, "माझं तोंड काळं केलंस पाहुण्यांपुढे."

"केलं. आता बस, यम्मा."

अबू इसाम बाजूला झाले. मग दरवाजा उघडून धरत म्हणाले, "वर्षभर मला कोणी बोललं का नाही? मी खुशाल पाय पसरून बसत होतो. मी काय माणूस नाही?" ते मधल्या रांगेत गेले. कैस आणि तालिन माझ्याकडे आले. त्यांचे पाय माझ्यावर सहज मावले. मी याच्याच लायकीची होते, आणि याच्यासाठी चांगली होते.

उम्म हिकमत पुढे घुम्यासारखी बसली. शहर मागे पडले, टेकड्या लागल्या. एका खोल दरीवर आल्यावर ती एकदम पुढे वाकली.

"हा पूल कधी झाला रे? इथे तर वळणं होती."

हिकमतने आरशातून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मागच्या वर्षी, यम्मा. आपण दर शुक्रवारी इथूनच जात होतो."

"हो का?" ती म्हणाली. "चांगला बांधलाय."

माझ्या त्या उंच, तळहाताएवढ्या खिडकीतून तो पूल तिला कधी दिसलाच नव्हता. हिकमतने वेग कमी केला, इतका की मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. आणि ती खिडकीची काच खाली करून दरीकडे बघत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही गाडी येईल. बॅटरी बघा, पडदा बघा, काचेचे छप्परही बघा. पण माझ्यासारख्या मागच्या सीटवर घरातल्या कोणाला बसवण्याआधी स्वतः एकदा तिच्यावर बसा, आणि दुकानात नव्हे, लांबच्या रस्त्यावर बसा. तिथे बसणारे माणूस तुम्हाला खरे सांगणार नाही. तुमच्यावर माया असली तर मुळीच सांगणार नाही.