पन्नाशीचा लेवी

विश्वचषकाच्या स्टेडियमवर तंबूसारखं छत चढवणाऱ्या टोळीचा फोरमन म्हणजे वसईचा इनास डाबरे. वयाची पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी तो बायबल काखेत मारून मॅनेजर थॉमस साहेबांच्या केबिनमध्ये घुसला. कतार सोडायला कंपनीचं एक्झिट परमिट लागायचं, आणि साहेबांनी त्याचा अर्ज दोनदा परत केला होता. पण साहेब केरळचे, दर शुक्रवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. देवाच्या शब्दाला ते नाही कसं म्हणतील?

"साहेब, देवाचा मंडप वाहायचं काम लेवी वंशाचं," इनास तावातावाने हिंदीत सांगू लागला. "कनाती, खांब, दोर, सगळं त्यांच्याच खांद्यावर. जमिनीचा तुकडासुद्धा मिळाला नाही बिचाऱ्यांना. पण पन्नाशी झाली की देवाने त्यांना ओझ्यातून मोकळं केलं. हे बघा, छापलंय! देव सोडतो, आणि तुमची कंपनी सोडत नाही?"

साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलंही नाही. "पुढची ओळ वाच," ते शांतपणे म्हणाले.

इनासची नजर खाली सरकली. मोकळे झालेले लेवी घरी जात नव्हते. त्यांनी मंडपापाशीच राहून भाऊबंदांना मदत करायची होती, पहारा द्यायचा होता. इतकी वर्षं तो वरच्याच ओळीवर खूश होता.

"उद्यापासून वर चढू नकोस," साहेब म्हणाले. "गेटवर बस. आपली पोरं परवानगीशिवाय बाहेर जाणार नाहीत, एवढंच बघ."

आणि त्यांनी खणातून गेटची किल्ली काढून उघड्या बायबलवर ठेवली.