नुसती कवायत

ॐ म्हणायला उघडलेलं तोंड जयलक्ष्मम्मांनी तसंच मिटलं. समोर उभ्या असलेल्या नंजप्पा मेष्ट्रूंनी, म्हणजे कवायतीच्या मास्तरांनी, ओठांवर बोट ठेवून डोळ्यांनीच मागच्या खुर्चीकडे खूण केली होती. खुर्चीवर भार्गवी बसली होती, मांडीवर गुणांचे कागद घेऊन.

"सवय हो, मेष्ट्रू," जयलक्ष्मम्मा पुटपुटल्या.

"सवय घरी ठेवून या. इथं कवायत आहे."

मैसूरच्या या सभागृहात सकाळी आधी योगाचा वर्ग भरे आणि मग कवायतीचा. योगानं दुखणाऱ्या पाठी आणि आखडलेले हात सुधारतात, ते नेमके कशानं, श्वासानं, आसनांनी की शिक्षकाच्या गोड बोलण्यानं, हे विद्यापीठातल्या मंडळींना शोधायचं होतं. म्हणून एका गटाला योग आणि ताडून पाहायला दुसऱ्याला नुसती कवायत. कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरे. कवायतीत योगाचा अंशही शिरत नाही ना, हे तपासायला भार्गवी आली होती. श्वास, ध्यान, विश्रांती, धीर देणं, आपुलकी, प्रत्येकाचे गुण वेगळे द्यायचे. शिक्षक तोंडानं सांगेल तेवढंच धरायचं, लोक आपल्या मनानं काय करतात ते सोडून द्यायचं, असा नियम होता.

जन्मभर शाळेत कवायत घेतलेल्या मेष्ट्रूंना त्यामुळे 'श्वास घ्या', 'जमेल तेवढं करा' आणि 'शाबास' म्हणायची बंदी होती. शाबासकीचं त्यांना फारसं अवघड गेलं नाही. शाळेतही ती कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. पण 'जमेल तेवढं' हल्ली सारखं जिभेवर येई. आलं की ते घाईघाईनं शिट्टी तोंडात धरत.

भार्गवीचं मात्र आज कागदांत लक्ष नव्हतं. सोमवारी सुरू होणाऱ्या पुढच्या तुकडीच्या चिठ्ठ्या काल निघाल्या होत्या आणि तिच्या अप्पांच्या वाट्याला कवायत आली होती. अर्धांगाच्या झटक्यापासून अप्पांचा डावा हात मांडीवर पडून असे. चिठ्ठीचं ऐकून ते भडकले होते.

"योगाच्या या मैसूरात जन्म गेला माझा, आणि म्हातारपणी नशिबी लेफ्ट-राइट? मी नाही जायचा. सांग तुझ्या सरांना, चिठ्ठी बदला म्हणावं."

असं सांगणं गैर आहे हे भार्गवीला पक्कं ठाऊक होतं. तरी आज दुपारी ती सांगणार होती. बापाच्या हाताचा प्रश्न होता.

"हात वर!" मेष्ट्रू ओरडले.

सगळ्यांचे हात वर गेले. दुसऱ्या रांगेतल्या पुट्टस्वामींचा एकच गेला. पुट्टस्वामी सरकारी बसचे कंडक्टर होते. झटक्यानंतर त्यांचा डावा हात छातीच्या वर म्हणून जात नसे. आता 'खाली' म्हणायची वेळ झाली होती, पण मेष्ट्रू बोलले नाहीत.

पुट्टस्वामींचा डावा हात खांद्यापर्यंत आला होता. तिथं तो थरथरत थांबला आणि पुन्हा हलला. जयलक्ष्मम्मांच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या, शेजारच्या शेट्टरांचे दंड भरून आले होते, पण हात कुणीच खाली घेईना. शिट्टी तोंडात धरून मेष्ट्रू उभे होते आणि ती वाजत नव्हती. सभागृहात कुणी श्वास घेत असेल असं वाटत नव्हतं.

हात हळूहळू कानाजवळून वर गेला. पुट्टस्वामींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, हवेतच मूठ मिटली आणि घंटीची दोरी ओढावी तशी दोनदा ओढली.

"रैट, रैट! जाऊ द्या!"

अख्ख्या वर्गानं मोठ्ठा श्वास सोडला आणि सगळे हसत सुटले. जयलक्ष्मम्मा पदरानं डोळे टिपत होत्या आणि त्याच पदराआड हसतही होत्या.

"खाली," मेष्ट्रू म्हणाले.

तेव्हा कुठे भार्गवीच्या लक्षात आलं, की पेन धरलेला तिचा हातही वरच आहे. तिनं तो लगबगीनं खाली घेतला.

वर्ग सुटल्यावर मेष्ट्रू तिच्याकडे आले.

"काही चुकलं का हो, अम्मा? मी बोललो तर नाही ना काही?"

"एक शब्दही नाही."

"देवाची कृपा," म्हणत त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

दुपारी तिच्या सरांनी, प्राध्यापक मधुसूदनांनी, तिचे कागद चाळले आणि खूश झाले.

"श्वास शून्य, धीर शून्य, आपुलकी शून्य. वा! मला हवा होता तो हाच वर्ग. यात काही म्हणता काही नाही. तुम्हाला काही बोलायचं होतं ना?"

भार्गवीनं त्या शून्यांवरून नजर फिरवली. नियमाप्रमाणे एकही चुकीचं नव्हतं.

"नाही, सर. काही नाही."

घरी अप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"बोललीस? बदलली का चिठ्ठी?"

"नाही बदलली."

"म्हणजे ती कवायतच?"

"कवायतच. हात वर, हात खाली. मास्तर दुसरं काही बोलत नाहीत."

अप्पांनी तोंड वाकडं केलं. ती चपला काढून कॉफी करायला आत निघाली. ते मात्र तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. सकाळी घरातून निघतानाचा चेहरा हा नव्हता.

"तिथं हसलेलं तरी चालतं का?"

"चालतं," भार्गवी म्हणाली. "ते कुणी मोजत नाही."

अप्पांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"सोमवारी किती वाजता म्हणालीस?"