आवर्तन झालं की जाऊ

मी एक जुना टेम्पो आहे. मित्रांनो, या जगात काही वाहने माणसांना वाहून नेतात आणि काही वाहने माणसांची स्वप्ने वाहून नेतात. मी दुसऱ्या प्रकारातला आहे. आज सकाळीच माझ्यातल्या पलंगावर एका कोंबडीने अंडे घातले.

टेम्पोत पलंग कसा आला, ते सांगतो. माझा जन्म कारखान्यात झाला. त्याबद्दल मला काही आठवत नाही, आणि आठवण्यासारखे काही घडलेही नसावे. मला विकत घेतले ते संगमनेर तालुक्यातल्या गोरक्षनाथ नावाच्या शेतकऱ्याने. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचे शेत प्रवरेच्या पाटाच्या कडेला आहे. नाना स्वतः मला चालवत. सकाळ-संध्याकाळ आजूबाजूच्या वस्त्यांवरचे दूध कॅनमध्ये भरून आम्ही डेअरीवर नेत असू. कॅन एकमेकांवर आपटत, थोडे दूध सांडे आणि माझ्या फळ्यांमध्ये मुरे. सुरुवातीला मला त्या आंबूस वासाची लाज वाटे. पुढे काही वाटेनासे झाले.

दसऱ्याला मला धुऊन झेंडूची माळ घालत. माझ्या चाकापाशी नारळ फोडून नाना म्हणत, "लक्ष्मी हाय आपली." तोवर मी स्वतःला पुरुष समजत होतो. पण मानपान चालू असताना तक्रार करू नये, एवढे मला कळत होते.

मग गावातच दूध गार करायचे यंत्र बसले आणि टँकर यायला लागला. मला लिंबाच्या झाडाखाली उभे केले. कोणी विचारले तर नाना सांगत, "टेम्पो सध्या थांबलाय." जसा काही मी कोणाची वाट बघत होतो. चाकांतली हवा हळूहळू गेली. हौद्यात कोंबड्यांनी संसार मांडला. फळ्यांच्या वासावर मांजरे येत, आत हिंडून बघत आणि तोंड पाडून निघून जात. तुम्ही विचाराल, तुला वाईट वाटले का? मित्रांनो, पत्रा उन्हात तापतो आणि ऊन गेले की गार होतो. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

लिंबाखालून मला शेत दिसे आणि शेतात चांगुणाबाई दिसत. या नानांच्या पत्नी. पाटाला पाणी आले की दारे धरायचे काम त्यांचे. म्हणजे एक सरी भरली की फावड्याने तिचे तोंड बुजवायचे आणि पुढच्या सरीचे उघडायचे. लग्न होऊन आल्यापासून त्या हेच करत होत्या. ते पाणी येते भंडारदऱ्याच्या धरणातून, पार शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातून. धरणातून काही काही दिवसांनी पाटाला पाणी सोडतात, त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. आवर्तन बघून आमच्या भागात सुपाऱ्या फुटतात आणि मोतीबिंदूची ऑपरेशने पुढे जातात. चांगुणाबाईंनी त्या धरणाचे पाणी आयुष्यभर पायाखाली घेतले होते. धरण मात्र पाहिले नव्हते.

"एकदा बघायचंय ओ," त्या नानांना म्हणत. "एवढं पाणी एका जागी उभं राहिल्यावर दिसतं तरी कसं?"

"जाऊ की. एवढं आवर्तन झालं की जाऊ."

आवर्तन होई. मग खुरपणी निघे, मग खते टाकायची असत, तोवर पुढच्या आवर्तनाची हाकाटी होई. पावसाळ्यात धरण भरून सांडते तेव्हा अर्धा जिल्हा तिकडे लोटतो, पण नाना म्हणत, "आत्ता घाटात धुकं असतं. आवर्तन झालं की निवांत जाऊ." असे निवांत जाता जाता चांगुणाबाईंचे गुडघे गेले. एसटीची पायरी त्यांना चढवेना. धरणाचा विषय त्यांनी काढायचा सोडला.

हा विषय परत काढला तो त्यांच्या मुलाने. सुनील पुण्यात एका कंपनीत आहे. परदेशातली माणसे गाडीतच घर करून तळ्याकाठी जाऊन राहतात, हे त्याने मोबाईलवर पाहिले होते. एका सुट्टीला तो घरी आला, माझ्याभोवती फेरी मारली आणि माझ्या पत्र्यावर थाप मारली. त्या थापेने थोडा गंज पडला.

"आई, याचं आपण घर करू," तो म्हणाला. "आतच झोपायचं, आतच स्वयंपाक करायचा. मस्त लेकच्या कडेला मुक्काम."

"कोणाच्या लेकीच्या?"

"लेक म्हणजे तलाव गं."

"मग तलाव म्हण की. लेकीच्या दारात गाडीत झोपलं तर जावई काय म्हणंल?"

"अगं, भंडारदरा. धरण. तुझं धरण."

चांगुणाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि माझ्यातल्या कोंबड्या हाकलायला लागल्या.

मला संगमनेरला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात नेले. तिथे माझ्यात घडीचा पलंग बसवला, ओटा केला, शेगडी ठेवली, खिडक्या कापून पडदे लावले. बाजूला ओढून उघडायचे ताडपत्रीचे छत केले. चांगुणाबाईंसाठी सुनीलने मुद्दाम एक बुटकी लोखंडी पायरी जोडून घेतली. मला पोपटी रंग दिला. माझ्या पाठीवर पूर्वी मोठ्या अक्षरांत 'दूध' असे लिहिलेले होते. रंगाचे किती हात दिले तरी ती अक्षरे वर येतच राहिली. शेवटी पेंटर म्हणाला, "राहू द्या, शुभ असतं."

सगळे बघून झाल्यावर सुनीलची बायको रुपाली हिने एकच प्रश्न विचारला, "आणि आडोसा?"

"निसर्ग आहे की चारी बाजूंनी."

"निसर्गात तुम्ही जा. मी आणि आई जिथं संडास असेल तिथंच गाडी उभी करणार."

आता घाई एवढ्यासाठी होती की माझे पासिंग संपत आले होते. पावसाळा लागला की मी कायद्याने रस्त्यावर यायच्या लायकीचा राहणार नव्हतो. "पासिंग हाय तवर धरण बघून येऊ," नाना माझ्या बॉनेटला टेकून म्हणाले, "आन् मग देऊन टाकू भंगारात." माझ्या देखतच म्हणाले. मला कोणी बाजूला पाठवले नाही.

सहलीचे बेत माझ्याच छताखाली घडीच्या खुर्च्या टाकून होत. शेजारच्या वस्तीवरचे आप्पासाहेब, नानांचे चुलतभाऊ, चहाला न चुकता येत.

"गोरक्षा, कुठं निघालाय म्हणं?"

"धरणावर. मुक्कामाला."

"आन् राहणार कुठं?"

"गाडीत."

"का? पोरानं घराबाहेर काढलं काय?"

"हवा बदलायला चाललोय."

"हवा हितं काय वाईट हाय? लिंबाखालीच झोप की गाडीत. डिझेल वाचंल." मग चांगुणाबाईंकडे वळून ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या गायांच्या धारा मी काढीन. पण ती काळी मला हात लावू देत न्हाई बरं का. तिला तुमीच पायजे."

"एका रात्रीचं काय व्हतंय, भावजी. गोंजारून बघा."

"मी बायकोला गोंजारलं न्हाई कधी, गायीला काय गोंजारू?"

सुनीलने मेच्या सुरुवातीची रजा काढली होती. नाना म्हणाले, "थांब. उन्हाळ्यातलं शेवटचं आवर्तन सुटायचंय. भरणं चुकलं तर ऊस जाईल. आवर्तन झालं की जाऊ." सुनीलने रजा महिनाअखेरीला नेली. रुपालीने मान डोलावली. आप्पासाहेबांनीही, "हां, ते बरं," म्हणून दुसरा चहा घेतला. कोणालाच यात काही वावगे दिसले नाही. मलाही नाही. दुधात घालतात तेवढाच माझा पाण्याशी संबंध.

आवर्तन आले. पाट काठोकाठ भरून वाहू लागला. चांगुणाबाईंना उभे राहवत नव्हते. त्या बांधावर पालथे घमेले टाकून बसल्या आणि फावडे धरलेल्या सुनीलला हाताने सरी दाखवत राहिल्या. ऊस तुडुंब भिजला. शेवटची सरी भरली तेव्हा त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, "चल, आता मीच येते तुज्याकडं."

निघायच्या आदल्या दिवशी नानांनी आणखी एक गोष्ट ठरवली. "परक्या गावचं पाणी बाधतं. आपलं पाणी बरोबर घ्या." सुनीलने खूप समजावले, पण नाना हटले नाहीत. माझ्या मागच्या कोपऱ्यात एक भली मोठी काळी टाकी चढवली आणि घरच्या विहिरीच्या पाण्याने गच्च भरली. त्या विहिरीला पाटाचाच पाझर आहे. माझ्या मागच्या स्प्रिंगा दबल्या.

नारळ फुटला, आम्ही निघालो. अकोल्यात चौकात जरा थांबलो तर एक बाई हातात किटली घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. "दूध हाय का?" तिने विचारले. "संपलं," नाना सवयीने म्हणाले. रुपाली तोंडावर पदर धरून हसली. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्या काचेतून पुढे बघत होत्या. राजूरच्या पुढे चढ लागला, टाकीच्या वजनाने मला धाप लागली, बॉनेटमधून वाफ निघाली. थांबत, गार होत, आम्ही एकदाचे पोहोचलो.

सुनीलने छत ओढले. पायरी खाली केली. आईचा हात धरून तिला उतरवले आणि घडीच्या खुर्चीवर धरणाकडे तोंड करून बसवले. खुर्चीसमोर उतार होता. उतारावर भेगा पडलेला चिखल होता. चिखलात एक होडी कलती पडली होती आणि तिच्या सावलीला कुत्रे झोपले होते. त्याच्याही खूप खाली, डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याची एक पट्टी होती.

रुपालीने जवळच्या चहाच्या टपरीवरच्या बाईला विचारले, "मावशी, पाणी कुठं गेलं?"

"खाली सोडलं ना. शेवटचं आवर्तन झालं की आत्ता." तिने माझ्या नंबरप्लेटकडे आणि मग नानांच्या टोपीकडे पाहिले. "तुमी खालचीच ना? लाभक्षेत्रातली? पाटाच्या पाण्यावरची?"

नाना चपलेतला खडा काढायला वाकले. खडा नव्हता. मी जवळून पाहत होतो.

"आवं," चांगुणाबाई म्हणाल्या. आमटीत मीठ कमी आहे हे सांगताना त्यांचा आवाज असतो, तसाच होता. "हे तर आपल्या उसात बसलंय."

सुनील मोबाईलवर फोटो काढायला निघाला होता. त्याने मोबाईल खिशात घातला.

"फुडच्या खेपंला आवर्तनाच्या आदी येऊ," नाना म्हणाले.

"आवर्तनाच्या आदी तुमी कधी घर सोडलंय?"

नानांनी चहा सांगितला. चांगुणाबाईंनी बशीत चहा ओतला, पण प्यायल्या नाहीत. डोंगराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत त्या हळूहळू बघत होत्या. कातळावर पाण्याच्या जुन्या खुणा दिसत होत्या, एकाखाली एक, पार वरपासून.

"लई मोठं हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "रिकामं असल्यावर कळतं, किती मावत आसंल ते."

मग चहा प्यायल्या. गार झाला होता.

ऊन कलायच्या आत आप्पासाहेबांचा फोन आला. काळीने त्यांना लाथ मारली होती आणि बादलीही सांडली होती. "वहिनीला आणा, न्हाई तर गाय न्या तिकडं," ते एवढ्या मोठ्याने बोलत होते की मला फोनबाहेर ऐकू येत होते. चांगुणाबाई उठल्या. "चला. धारेला पोचू." छत परत गुंडाळले. पायरी वर घेतली. पलंगाची घडी कोणी उलगडलीच नव्हती.

मित्रांनो, आता माझे पासिंग संपले आहे. मी पुन्हा लिंबाखाली आहे. पलंग मात्र कोंबड्यांनी उलगडून घेतला आहे, कसा ते मला माहीत नाही. पोपटी रंग उन्हाने उडतो आहे आणि 'दूध' दिवसेंदिवस ठळक होते आहे. भंगारवाल्याला फोन करायचा आहे. नाना म्हणतात, आवर्तन झालं की करू. चांगुणाबाई कधीकधी दुपारी माझ्या पायरीवर येऊन बसतात. पायरी बुटकी आहे, त्यांना सोयीची पडते. धरणाचा विषय निघत नाही.

तुम्हाला माझी विनंती एवढीच आहे. जुन्या गाड्यांना सावलीत ठेवा, त्यांच्या चाकांत हवा भरा, पत्र्याला गंज चढू देऊ नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही दाखवायचे असेल, तर ते भरलेले असताना दाखवा. आम्हाला विसरलात तरी चालेल. आम्हाला सवय आहे.

त्या दिवशी धरणावरून निघताना पुढे घाट उतरायचा होता, माझे ब्रेक जुने होते, आणि नानांनी आणलेली टाकी तशीच भरलेली होती. एवढे वजन घेऊन उतरणे बरे नव्हे म्हणून सुनीलने टाकीची तोटी उघडली आणि सगळे पाणी धरणात सोडून दिले.

पातळीत फरक पडला नाही.